मास्तरांनी साताऱ्यात दुसरी केली

सांगली,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शकूचा नमस्कार.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. अरे, तोफखान्यात दोन्ही कान ठेवून आलास. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला सगळ्या विश्रामबागेला ऐकवावं लागतं, आणि ही गोष्ट विश्रामबागेला ऐकवण्यासारखी नाही. मोबाइलवर लिहावं तर तुझा मोबाइल आधी सूनबाई वाचते आणि मग तुला वाचून दाखवते. तेव्हा हे पत्र तूच उघड, तूच वाच आणि ट्रंकेत टाक.

मला एकच विचारायचंय. आमचे हे तुझ्याकडं येतात का?

ऑगस्टपासून एक गुरुवार आड हे आमची जुनी मारुती काढतात आणि साताऱ्याला जातात. सकाळी सातला निघतात, दिवेलागणीला परत. विचारलं की म्हणतात, दादांकडं जातो, बुद्धिबळ खेळतो. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सत्तावीस वर्षांची गाडी, सव्वाशे किलोमीटर रस्ता, आणि हे सगळं बुद्धिबळासाठी! तुला जन्मात कधी उंट कुठला आणि घोडा कुठला ते कळलं नाही, हे मला ठाऊक नाही का?

तरी मी गप्प होते. पण गेल्या आठवड्यात यांचा सदरा धुवायला टाकताना खिशात एक किल्ली सापडली. नवीकोरी, नुसती धातूची, चकचकीत. आमच्या गाडीच्या किल्लीला काळं डोकं आणि लाल गोंडा आहे, ती जागच्या जागी खिळ्याला होती. ही नवी मी घरातल्या सगळ्या कुलपांना लावून पाहिली. पुढचं दार, मागचं दार, कपाट, माळ्यावरची पेटी. कुठंच लागत नाही. आमच्या घराची नाही, तर मग कुणाच्या घराची?

आणि वर धोंडुबाईनं कहर केला. आमच्याकडं भांड्याला येते ती. तिचा भाऊ गुंडा साताऱ्याला पोवई नाक्यावर टपरी टाकून बसतो, चहाची असावी. परवा भांडी घासता घासता सहज म्हणते, "बाई, मास्तरांनी साताऱ्यात दुसरी केली न्हवं? आमचा गुंडा सांगत हुता. जुनी लय झिजली म्हणं, तवा केली. लय चकचकीत हाय म्हणं!"

दादा, माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. तिला खोदून विचारायची लाज वाटली. मोलकरणीला ठाऊक आणि बायकोला नाही, हे तिला कशाला दाखवायचं?

तब्येतीचं काही असेल म्हणशील, तर मिरज इथनं दहा किलोमीटर. गल्लीगल्लीत दवाखाने. मुंबईची माणसं मिरजेला येतात, मिरजेचं सोडून साताऱ्याला कोण जाईल? पाणी कुठंतरी मुरतंय. तू चौकशी कर.

तुझी,
शकू


सातारा,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मीच उघडलं, मीच वाचलं. सूनबाई दारात उभी राहून "आत्याबाईंचं काय?" विचारत होती. मी म्हटलं, हळदीचा भाव कळवलाय.

पाव्हणे येतात. पण बुद्धिबळ वगैरे काही नाही. दुपारी तीनच्या सुमारास येतात, वीस मिनिटं बसतात, अर्धा कप चहा घेतात, घड्याळ बघतात आणि "बरंय, काम आहे" म्हणून उठतात. गाडीसुद्धा दारापर्यंत आणत नाहीत, कोपऱ्यावर ठेवली म्हणतात. मला वाटायचं, पेन्शनचं काही लटकलं असेल. मास्तर माणूस, सांगायला लाजत असेल. आता तुझं पत्र वाचून मीही बुचकळ्यात पडलो. सकाळी सातला निघालेला माणूस दहाला पोचतो. दहा ते तीन कुठं असतो?

तरी एक सांगतो, रागावू नकोस. ज्या माणसाला स्वतःच्या चपला निवडायला तू बरोबर लागतेस, तो दुसरी कशी निवडेल? मधुराव तसले नव्हेत.

पण "नव्हेत" म्हणून सैन्य झोपत नाही. आधी रेकी, मग रिपोर्ट. त्या गुंडाला मी स्वतः गाठतो. तोपर्यंत पाव्हण्यांना काही बोलू नकोस, शत्रू सावध होतो.

क्रांतीला मी आडून आडून विचारलं, मधुराव तुला कधी गावात दिसतात का गं? तर म्हणाली, "आबा, मोठ्या माणसांच्या भानगडीत पडू नका." राजवर्धन सीमेवर, घरात आम्ही दोघंच, आणि ही मला असलं ऐकवते. आजकालच्या सुना!

तुझा,
दादा


सांगली,
३० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शकूचा नमस्कार.

तुझी रेकी होईपर्यंत इथं किल्ला पडायची वेळ आली.

समोरच्या घरातली अंकिता साताऱ्यात नोकरी करते, शनिवार-रविवार घरी येते. आज आल्या आल्या म्हणाली, "काकू, गुरुवारी काका राजवाड्यापाशी दिसले. गाडी एक बाई चालवत होत्या." मी विचारलं, कसली बाई? म्हणाली, "तोंडाला स्कार्फ होता. तिशीतली असेल. काका शेजारी बसून डब्यातलं खात होते. सिग्नलला त्यांनी काकांना रुमाल दिला."

रुमाल दिला, दादा! मी दिलेला रुमाल यांच्याच खिशात होता, इस्त्रीचा.

आता मला एकेक गोष्ट दिसायला लागलीय. गेले तीन-चार महिने हे फार गोड वागतात. आधी मी दळणाला जा म्हटलं की तासभर वाद घालायचे. आता काही न बोलता म्हणतात, काय काय आणायचं ते कागदावर लिहून दे. जन्मात कधी यादी घेऊन बाजारात न गेलेला माणूस! परवा जेवताना अचानक विचारलं, तुझा वाढदिवस नक्की कितीला गं? एकेचाळीस वर्षांनी! मी म्हटलं, का, आणखी कुणाच्या तारखेत घोटाळा झाला का? तर ताटातला भात चिवडत राहिले. पूर्वीचे असते तर माझ्या व्याकरणाची चूक काढली असती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. एवढं वय झाल्यावर मला असलं बघायला लागेल असं वाटलं नव्हतं. धाय मोकलून रडावं म्हटलं तरी लाज वाटते, शेजारी काय विचारतील?

तुझा रिपोर्ट लवकर येऊ दे.

शकू


सातारा,
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. शकूस,
अनेक आशीर्वाद.

आधी बस. मग वाच.

काल सकाळी पोवई नाक्यावर गेलो. गुंडाची टपरी सापडली. चहाची नाही. छत्रीखाली एक लाकडी पेटी, वर किल्ल्यांचे झुबके टांगलेले आणि हातात कानस घेऊन हा बसलेला. मी काठी टेकून उभा राहिलो आणि विचारलं, "मास्तरांना दुसरी कुणी करून दिली?"

तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. तर तो अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडला, "मीच करून दिली की!"

शकू, माझा हात त्याच्या गचांडीला गेला. "लाज नाही वाटत? घरात लक्ष्मीसारखी बायको असताना?" माणसं गोळा झाली. गुंडा डोळे फाडून बघतोय. म्हणतो, "आवं सुभेदार, बायकूचा काय संबंद? किल्ली वं, किल्ली! मारुतीची किल्ली! दुसरी किल्ली केली!" आणि झुबक्यातली एक काढून माझ्या नाकासमोर नाचवली. सगळा नाका हसला. एक रिक्षावाला म्हणाला, "सुभेदार, तुमाला बी करून देतो का इचारा की!"

तर तुला सापडलेल्या त्या चकचकीत किल्लीचं कुलूप तुमच्याच गाडीला आहे. जुनी इतकी झिजली होती की कुठल्याही मारुतीत शिरायची. तुमच्या गाडीच्या किल्लीत हल्लीच्या गाड्यांसारखी चिप वगैरे नसते, त्यामुळं गुंडानं दाराचं कुलूप काढलं, आतल्या पत्र्या बघितल्या आणि कोऱ्या किल्लीवर कानशीनं दाते पाडले. काम झकास करतो. तू घरातली कुलपं शोधत बसलीस आणि अंगणातलं विसरलीस.

इथवर हसण्यावारी. पण पुढचं ऐक. गाडीची किल्ली करायची तर गुंडा आधी गाडीचे कागद बघतो, मग वहीत नाव, गाडीचा नंबर आणि सही घेतो, पोलिसांनी तसं सांगितलंय म्हणे. मी वही चाळली. मधुरावांची सही एकदा नाही, चारदा आहे. आठ ऑगस्ट, बावीस ऑगस्ट, तीन ऑक्टोबर, चौदा नोव्हेंबर. चार किल्ल्या! पहिली सही त्यांची नेहमीची, खाली वेलांटीसारखा फराटा मारलेली. चौथी भलत्याच रकान्यात आहे, गाडीच्या नंबराच्या जागी. घाईत असावेत.

एका गाडीला चार किल्ल्या कशाला? गुंडाला विचारलं तर मान खाली घालून कानस चालवायला लागला. म्हणाला, "त्ये मास्तरांनाच इचारा." त्याला काहीतरी ठाऊक आहे.

बारा तारखेच्या गुरुवारी मी स्वतः पाव्हण्यांच्या मागावर राहतो.

दादा


सांगली,
७ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शकूचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग धोंडुबाईला चहा दिला आणि मग पुन्हा डोकं फिरलं.

चार किल्ल्या! एकच माणूस गाडी चालवतो ना? मग बाकीच्या तीन कुणाच्या पर्समध्ये आहेत? एक तर त्या स्कार्फवालीच्या नक्की. कानामागून आली आणि तिखट झाली. मी सत्तावीस वर्षांत त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही. एकदा म्हटलं, मला शिकवा, तर म्हणाले, आधी डावं-उजवं ओळखायला शीक. आणि आता तिच्या हातात गाडी देऊन हे डबा खातात.

परवा मी मुद्दाम खिळ्यावरची काळ्या डोक्याची किल्ली घेऊन गाडीत बसले. दार उघडलं, पण पुढं काही फिरेना. म्हणजे मला दाखवायला जुनी खिळ्याला टांगलेली, आणि चालवायला नवी साताऱ्याहून आणलेली. बघ, धोंडुबाई काय खोटं बोलली?

पुण्याला पोराला कळवावं असं सारखं मनात येतं. पण काय कळवू? तुझे वडील किल्ल्या करतात म्हणून?

बाराला नीट बघ. काय असेल ते सांग. वाईट असेल तरी चालेल. नुसतं अंधारात ठेवू नकोस.

शकू


(पोस्टकार्ड)

सातारा,
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. शकूस आशीर्वाद.

सगळं ठीक आहे. काळजीचं कारण नाही. गाडी जुनी, किल्ल्या झिजतात, म्हणून करून घेतल्या. हा विषय आता बंद. थंडी बरीच आहे. पाव्हण्यांना जपावे. त्यांच्याशी भांडू नये.

दादा


सांगली,
२१ डिसेंबर २०२४

दादा,

आजवर तू मला पोस्टकार्ड पाठवलं नव्हतंस. लिहिलंस तरी किती, अर्धं कार्ड कोरं! चार महिन्यांत चार किल्ल्या झिजतात? किल्ली आहे की खडू? आणि त्या बाईबद्दल एक अक्षर नाही. मी तेवढंच विचारलं होतं आणि तेवढंच तू गाळलंस.

आता मी सांगते, ती कोण.

अंकितानं बाराला फोटो काढला. आज दाखवला. स्कार्फ आहेच, पण अंगातला हिरवा ड्रेस मी ओळखला. दिवाळीला मारुती रोडच्या दुकानातून मीच घेतला होता. दादा, ती तुझी क्रांती आहे. तुझी सून, तुझ्या घरात राहणारी. तिची सुट्टीही गुरुवारीच असते, आता आठवलं.

म्हणून मला "भानगडीत पडू नका" होय?

क्रांती मला लेकीसारखी. वेडंवाकडं मी मनातसुद्धा आणत नाही. पण मग उरतं काय? यांना साताऱ्यात दर पंधरा दिवसांनी कुठं नेता? जिल्ह्याच्या सगळ्या कचेऱ्या तिथंच आहेत. खंडाळ्याच्या आपल्या वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी अजून सोडलेला नाही. यांच्या हातून माझ्या नावानं काही लिहून घेताय का? हक्कसोडपत्र? सरळ मागितलं असतंस तर मी भाऊबीजेच्या ताटातच सही केली असती.

नवऱ्यावर संशय घेतला तेव्हा भाऊ होता. भावावर घेतल्यावर आता कुणाकडं जाऊ?

येत्या गुरुवारी, सव्वीसला, मी एसटीनं साताऱ्याला येतेय. यांना सांगणार नाही. तू स्टँडवर ये किंवा येऊ नकोस.

शकुंतला


सातारा,
२३ डिसेंबर २०२४

शकू,

हे पत्र सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. गुरुवारच्या आत तुला मिळायलाच हवं. तू मला जमिनीचा चोर म्हणालीस. ते मी गिळलं, कारण पोस्टकार्ड लिहिणारा माणूस त्याच लायकीचा होता. पण तू येण्याआधी तुला खरं कळायला हवं. मधुरावांनी मला देवघरापुढं शपथ घातली होती. ती मोडतोय. पाप माझ्या माथी.

मधुराव विसरायला लागलेत.

आठ ऑगस्टला ते खरोखरच पेन्शनच्या कामाला आले होते. नाक्यावर गाडी लावली. परत आले आणि दुसऱ्याच पांढऱ्या मारुतीत जाऊन बसले. झिजलेल्या किल्लीनं दार उघडलं, पण गाडी सुरू होईना. तिचा मालक आला, "चोर चोर" म्हणून माणसं जमली. मास्तरांना आपली गाडी कुठं लावली तेच आठवेना. आपला नंबरही सांगता येईना. समोरून गुंडा धावत आला. सांगलीला तो त्यांच्याच शाळेत होता. "आवं, सर हायती त्ये! चोर न्हवं!" म्हणून त्यानं सोडवलं. सगळा दोष किल्लीवर घातला आणि नवी करून दिली. पाव्हणेही तेच धरून बसले. गुंडाला म्हणाले, "जुनी किल्ली आता आपलं कुलूप विसरायला लागली." पण नवी केलेलीही हरवली. पुढची डब्यात गेली की नदीत, देव जाणे.

बावीसला पुन्हा किल्ली करायला आले तेव्हा गुंडानंच त्यांच्या मोबाइलवरून क्रांतीला फोन केला. ती त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेली. आजाराचं नाव मोठं आहे, मला लिहिता येणार नाही. सुरुवात आहे म्हणतात. औषधानं सावकाश होतो, थांबत नाही. दर पंधरवड्याला दवाखान्यात दुपारपर्यंत बसवून आठवणीचे सराव करून घेतात. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून क्रांती दर खेपेला पहाटेच्या एसटीनं सांगलीला येते आणि तुमच्या घराच्या मागच्या चौकात उभी राहते. पाव्हणे तिथवर गाडी आणतात, पुढं ती चालवते. संध्याकाळी तिथंच उतरते आणि एसटीनं परत येते. एक किल्ली तिच्याकडं असते ती त्यासाठी. चार महिने ही पोर हे करतेय, मला सांगायची देवाला जाते, आणि मला, एका घरात राहून, पत्ता नाही. बाराला मागावर गेलो तेव्हा दवाखान्याच्या दारात दोघं सापडली.

मी पाव्हण्यांना विचारलं, शकूपासून का लपवता? ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. "दादा, आज शकू माझ्याशी भांडते. तिला कळलं की ती भांडायची थांबेल. माझं सगळं खरं मानेल, मला भात कालवून देईल. मला तिचा पेशंट व्हायचं नाही. जमेल तितके दिवस नवरा राहू दे."

ते रडले नाहीत. मी रडलो. उठून निघून गेलो आणि तुला ते पोस्टकार्ड लिहिलं.

आता तू ठरव.

दादा


सांगली,
२९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शकूचा नमस्कार.

स्टँडवर मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, त्याचा राग धरू नकोस. तोंड उघडलं असतं तर तिथंच बसून रडले असते. जमिनीचं जे लिहिलं त्याबद्दल तुझे पाय धरते. ते पत्र फाडून टाक.

दवाखान्यात घडलं ते तुला सांगायचंय, तू बाहेरच थांबलास म्हणून.

मी बाकड्यावर बसले होते. क्रांती यांना घेऊन आली. मला बघितलं आणि हे दारातच थांबले. क्रांतीकडं बघितलं, मग फरशीकडं. गृहपाठ न केलेलं पोर वर्गात येतं तसे. दोन रात्री मी काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "इथं यायला मिरज काय बंद पडली होती?"

हे म्हणाले, "मिरजेत अर्धे कंपाउंडर माझे विद्यार्थी. दुपारपर्यंत तुला कळलं असतं."

डॉक्टरांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, घरचं माणूस. दादा, तो शब्द उच्चारताना मला जे झालं ते तुला कसं सांगू? घरचं माणूस आणा असं डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, आणि यांनी क्रांतीलाच पुढं केलं. एकेचाळीस वर्षं मी त्या घरात काय पाहुणी होते? तिच्याबद्दल माझ्या मनात आता मायाच आहे, तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण हे दुःख वेगळं आहे, आणि ते कमी होणार नाही. दुसरी केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग त्यांनी यांना वार विचारला. बरोबर सांगितला. महिना चुकला. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एकच राहिला. माझ्या हातात पदर होता, तो मी पिळत बसले. शेवटी डॉक्टर म्हणाले, मनात येईल ते एक पूर्ण वाक्य लिहा. दर मोठ्या तपासणीला लिहून घेतात म्हणे. यांनी कागद सरळ केला, पेनचं टोपण मागं लावलं आणि लिहिलं.

नंतर डॉक्टरांनी मला फाईल दाखवली. ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तीन कागद आणि तिन्हींवर एकच वाक्य, "शकुंतलेला हे कळता कामा नये." त्या दिवशीच्या कागदावर होतं, "आज बायको आली आहे, माझी धडगत नाही." मधला स्वल्पविराम अगदी जागच्या जागी.

मी बाहेर नळाशी जाऊन रडले. तोंड धुतलं आणि आत आले.

येताना गुंडाकडं थांबलो. त्यानं पैसे घेतले नाहीत, यांच्या पाया पडला. दोन किल्ल्यांचा तपास नाही. एक क्रांतीकडं राहील, एक माझ्याकडं. हे म्हणाले, मला जुनी असू दे, ती लागत नाही ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, ठीक.

आणि आता ऐक, भांडणाचं. साताऱ्याबाहेर पडलो. क्रांती चालवत होती, हे तिच्या शेजारी, मी मागं. हे सारखे वळून माझ्याकडं बघत होते. मला कळलं, हे काय बघताहेत. मग मीच उकरून काढलं. म्हटलं, गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा आपण नरसोबाच्या वाडीला गेलो होतो. हे म्हणाले, औदुंबरला. मी म्हटलं, वाडीला. औदुंबरलाच, हे मला चांगलं ठाऊक होतं, दादा, पण मी सोडलं नाही. उंब्रजपर्यंत यांचा आवाज चढला. कराडला म्हणाले, तुझ्या घराण्यात कुणाला काही आठवत नाही. मी म्हटलं, माझ्या घराण्यावर जायचं काम नाही. क्रांतीनं दोनदा मधे पडायचा प्रयत्न केला, दोघांनी मिळून तिला गप्प केलं. यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती. असे ते किती महिन्यांत बोलले नव्हते.

पेठ नाका ओलांडल्यावर हे बोलता बोलता अडखळले. बाहेरच्या उसाकडं पाहिलं. मग वळून मला हळूच विचारलं, "शकू, आपण कशावरून भांडत होतो गं?"

मी म्हटलं, "मला तरी कुठं आठवतंय!"

क्रांतीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी तिला म्हटलं, तू समोर बघून चालव.

तुझी,
शकू